सुट्टीचं घर आणि नोकरीचा राजीनामा

आपल्यापैकी बऱ्याच घरांत ही चर्चा कधी ना कधी होते. घरातला कर्ता माणूस पुण्या-मुंबईच्या कंपनीत पंधरा-वीस वर्षं राबलेला असतो. पगार चांगला, पण घरी यायला रात्रीचे दहा. मग एक दिवस जेवता जेवता तो म्हणतो, "आता बस झालं. समुद्राकाठी छोटंसं घर घेऊ आणि निवांत राहू." आमच्या घरी ही गोष्ट निघाली तेव्हा यांच्या नोकरीला सतरा वर्षं झाली होती. पुढे काय झालं ते लिहिते आहे. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

आम्ही मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, म्हणून त्याची ओढ जास्त. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलीला घेऊन मुरूड-श्रीवर्धनकडे घरं पाहायला गेलो. तिथे कितीतरी चांगल्या घरांना कुलूप दिसलं. मालक कुणी मुंबईत, कुणी आखातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच पट्ट्यातली छपरं उडाली होती, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. अशाच एका बंद घराची किल्ली सांभाळणाऱ्या खाला आम्हाला म्हणाल्या, "घर घ्या बेटा, पण राहणार असाल तर घ्या. खारी हवा बिजागऱ्या खाते, पावसात भिंतींना बुरशी धरते. चार दिवसांसाठी येणाऱ्याचे दोन दिवस झाडण्यात जातात."

परतताना मुलगी गाडीत सहज म्हणाली, "लोणारच्या घरी पण दादाजान एकटेच असतात ना?"

यांनी उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर समुद्राकाठच्या घराचा विषय आमच्याकडे निघाला नाही. सुट्टीचं घर आमच्याकडे होतंच. ईदला चार दिवस जायचो, तेच. अम्मींच्या इंतकालनंतर तिथे अब्बा एकटे होते. आम्ही दारात पोहोचलो की सलामाच्या पाठोपाठ त्यांचा एकच प्रश्न असायचा, "किती दिवसांची रजा आहे?"

यांनी लगेच राजीनामा लिहायला घेतला. मी म्हटलं, "आधी हिशेब लिहू." बायका-मुलांचा खर्च ही कर्त्या माणसाची जबाबदारी आहे. थकवा खरा असला तरी ती जबाबदारी संपत नाही. दोन रात्री वही घेऊन बसलो.

पहिली नोंद ग्रॅच्युइटीची. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाली की ती मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार ५२,००० असेल तर एका वर्षाचे ३०,००० होतात, सतरा वर्षांचे ५ लाख १० हजार. दुसरी नोंद पेन्शनची. दहा वर्षं भरली की भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शनचा हक्क मिळतो, पण पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. शिवाय बहुतेकांची पेन्शन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली जाते, म्हणून ती काही हजारांतच राहते. तिच्या भरवशावर आज नोकरी सोडता येत नाही.

तिसरी नोंद बहुतेकजण विसरतात, ती आरोग्यविम्याची. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. नवा विमा घेतला तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनाम्याच्या आधीच स्वतःचा विमा घ्यायचं ठरलं. हाती येणाऱ्या रकमेवर निघणारी जकातही वहीत लिहिली. दोन वर्षांचा घरखर्च वेगळा काढला. मुलीची सातवीची परीक्षा होईपर्यंत थांबायचं आणि माझ्या शिकवण्या बंद करायच्या नाहीत, या माझ्या दोन अटी होत्या. त्या मान्य झाल्या.

अब्बांना फोन केला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे दाखला इतिहासातलाच दिला. म्हणाले, "इमाम गझालींनी १०९५ साली बगदादच्या निझामिया मदरशातली सगळ्यात मानाची जागा सोडली. पण घरच्यांच्या पोटापुरतं ठेवलं आणि मगच बाकीचं वाटलं. आणि अकरा वर्षांनी पुन्हा शिकवायला उभे राहिले. सोडायला हरकत नाही बेटा, पण कशासाठी सोडतोस ते माहीत असू दे."

एप्रिलमध्ये आम्ही लोणारला आलो. पहिला महिना ईदसारखा गेला. दुसऱ्या महिन्यात हे चिडचिड करू लागले. फोन वाजत नाही याचाच त्रास. बाजारात लोक विचारायचे, "नोकरी गेली का?" रात्री झोप नाही. पुण्याला परत जायचं का, इथपर्यंत बोलणं गेलं.

त्यातून वाट निघाली ती अब्बांच्या मोतीबिंदूमुळे. ऑपरेशननंतर त्यांना हात धरून फिरवायला माणूस हवा होता. फजरनंतर दोघं सरोवराच्या कडेपर्यंत जाऊ लागले, मुलगीही मागे लागली. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. अबुल फजलच्या आईने-अकबरीत इथे काच आणि साबण बनवण्याचं सामान मिळतं असा उल्लेख आहे, हे अब्बांनी नातीला सांगितलं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, हे तिने शाळेत शिकून दादाजानना सांगितलं. हे सतरा वर्षं कंपनीत होते, पण आपल्याच गावाबद्दल हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते.

हळूहळू यांनी गावातल्या दोन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले, पुण्याच्या एका ओळखीच्याचं काम घरून सुरू केलं. कमाई पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नाही. गाडी विकली. मुलीला पुण्याच्या मैत्रिणी आठवतात, ते दुःख मी झाकून ठेवत नाही. सगळ्यांनी असंच करावं असंही माझं म्हणणं नाही. ज्यांच्यावर कर्ज आहे, ज्यांच्या मुलांचं शिक्षण अर्ध्यावर आहे, त्यांनी घाई करू नये.

पण घरात हा विषय निघाला तर घर कुठे घ्यायचं हे नंतर ठरवा. मिळणारा वेळ कुणाला द्यायचा, ते आधी ठरवा. मग वही काढा आणि सगळ्यांना बसवून हिशेब करा.

परवा हे दोन दिवसांसाठी कामाला पुण्याला निघाले होते. अब्बा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "किती दिवसांची रजा आहे?" यांनी सांगितलं, "दोन दिवसांची, अब्बा. परवा घरी."