गोळी, चिंधी आणि असईचे मैदान

आमच्या हर्सूलहून फुलंब्री, सिल्लोड ओलांडून भोकरदनकडे गेले की केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव लागते. येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. ‘इंग्रजांच्या बंदुका सरस होत्या, म्हणून आपण हरलो,’ हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आहे. त्यात कितपत तथ्य आहे, हे पाहण्यासाठी ती बंदूकच आधी समजून घेतली पाहिजे.

ती ठासणीची, चकमकीची बंदूक. नळी आतून गुळगुळीत. इंग्रजी बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच. म्हणजे नळीच्या तोंडाचा जवळजवळ १५ टक्के भाग मोकळाच! जळक्या दारूची काजळी साचली तरी गोळी झटकन आत जावी, म्हणून ही मोकळीक ठेवलेली असे. पण त्या फटीतून दारूचा जोर वाया जाई आणि गोळी भिंतींवर आपटत बाहेर पडे. तेलकट चिंधीत गुंडाळून गोळी ठासली तर फट बुजते.

परवान्याशिवाय बंदूक कोठून आणणार? म्हणून मी लोखंडी नळीचा तुकडा उभा धरून खालच्या ओल्या वाळूत काचेच्या गोट्या सोडल्या. नुसती गोटी खडखडत येई आणि तिचे ठसे इकडेतिकडे विखुरलेले दिसत. तीच गोटी तेलकट फडक्यात गुंडाळून काठीने हलकेच ढकलली की ठसे नळीच्या मध्याखाली जवळजवळ उमटत.

अर्थात, पुढे हवेत काय होते, हे या खेळातून कळत नाही. ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखविले. त्याने बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकविले. गोळी प्रथम डावीकडे गेली, पण कागदी पडद्यांवरील भोकांवरून ती पुढे उजवीकडे वळल्याचे दिसले. भिंतीला घासून गोळीला गिरकी मिळते आणि ती गिरकीच तिला हवेत वळविते. चिंधीने आपटणे कमी होते, मात्र गिरकीला शिस्त लागत नाही. ती लावायला नळीत पिळाचे आटे लागतात. त्यालाच आपण रायफल म्हणतो. हाच रॉबिन्स पुढे कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली येथेच वारला.

मग पलटणी चिंधी का वापरीत नसत? कारण वेळ. कागदी काडतुसाने कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. चिंधी बसवीत राहिला तर तेवढे निघत नसत. नेम एकट्याचा नव्हता, रांगेचा होता.

शिंद्यांच्या कवायती पलटणींकडेही याच जातीच्या बंदुका होत्या. त्यांच्या तोफांनी तर कंपनीच्या फौजेची अशी दाणादाण उडविली की तिचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. तेव्हा असईच्या पराभवाचे कारण नळीत शोधणे व्यर्थ आहे. लढाईपूर्वीच शिंद्यांची चाकरी सोडून गेलेले युरोपीय अधिकारी, मैदानावरील नेतृत्व आणि दोन सरदारांमधील मेळ यांत ते शोधावे लागेल. ते काम बंदुकीच्या अभ्यासाहून अवघड आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याचे खरे काम तेच.