सागरतळाखालील तेल

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर अरबी समुद्राची खोली जेमतेम ७५ मीटर आहे. १९७४ च्या आरंभी तेथे ‘सागर सम्राट’ नावाचे एक विलक्षण जहाज येऊन थांबले. जपानमध्ये बांधलेल्या या जहाजास उंच पोलादी पाय होते. ते पाय समुद्रतळावर रोवून जहाजाने आपला सारा देह लाटांच्या वर उचलून धरला आणि खोदकामास प्रारंभ झाला.

एवढ्या अफाट समुद्रात नेमकी हीच जागा का निवडली? १९६० नंतरच्या काही वर्षांत भारतीय व सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या भागाची पाहणी केली होती. पाण्यातून ध्वनिलहरी खाली सोडावयाच्या आणि खडकांच्या निरनिराळ्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपावयाचे, अशी ती रीत. त्यावरून तळाखाली घुमटासारखा एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे आढळले. खनिज तेल व वायू पाण्याहून हलके असल्यामुळे खडकांतून वर सरकतात आणि वाटेत घट्ट खडकाचे झाकण आले, की घुमटाखाली अडकून राहतात. परंतु प्रतिध्वनी केवळ घुमटाचा आकार सांगतो. आत तेल आहे की नुसते खारे पाणी, हे तो सांगत नाही. त्यासाठी विहीरच खणावी लागते. ती कोरडी निघाली, तर सारा खर्च वाया जातो.

भूमीखाली तेलाची तळी असतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. मडक्याच्या भिंतीत पाणी मुरावे, तसे तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. येथे तो खडक चुनखडीचा होता आणि समुद्रतळाखाली एक किलोमीटरहून अधिक खोल होता.

विहीर खणताना पोलादी नळीच्या टोकास बसविलेले दातेरी यंत्र गरगर फिरून खडक फोडते. खोली वाढेल तशी नळीस नळी जोडतात. या कामात सर्वांत मोठा आधार असतो चिखलाचा! चिखल म्हटल्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. तो मोजूनमापून तयार केलेला असतो. पंपाने तो नळीतून खाली सोडतात. दातेरी टोकाजवळ बाहेर पडून तो त्यास थंड करतो आणि खडकाचा चुरा घेऊन नळीच्या बाहेरच्या बाजूने वर येतो. भूगर्भशास्त्रज्ञ हा चुरा धुऊन बारकाईने तपासतात. जंबुपार किरणांत त्याचे कण चमकू लागले, तर तेलाची खूण मिळाली असे समजावे.

चिखलाचे आणखी एक काम आहे. खोल खडकांत द्रव व वायू प्रचंड दाबाखाली असतात. चिखलाच्या वजनाने ते दबून राहतात. म्हणून त्यात बॅराइट नावाच्या जड खनिजाची पूड मिसळतात. विहिरीच्या भिंती ढासळू नयेत यासाठी टप्प्याटप्प्याने पोलादी नळ उतरवून त्यांच्या भोवती सिमेंट भरतात, तसेच विहिरीच्या मुखाशी भक्कम झडपा बसवितात. एवढे करूनही धोका टळतोच असे नाही. १९८२ साली याच तेलक्षेत्रातील एका विहिरीतून वायू उसळला आणि तेथे काम करणाऱ्या ‘सागर विकास’ला आग लागली.

‘सागर सम्राट’च्या विहिरीत मात्र फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. एका विहिरीवरून क्षेत्राचा विस्तार समजत नाही. म्हणून आजूबाजूस आणखी विहिरी खणण्यात आल्या. मे १९७६ मध्ये तेथून तेलाचे उत्पादन सुरू झाले. हेच क्षेत्र पुढे ‘बॉम्बे हाय’ या नावाने प्रसिद्ध झाले.