तळ्याच्या पाण्यात आधी हात घालून बघा

दुपारची कामं उरकली असतील तर बसा जरा. आज आपण माशांबद्दल बोलू, पण खाण्याच्या नाही, पाळण्याच्या.

आमच्या गटानं शेततळ्यात मासे सोडायचं ठरवलं, त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. श्रावणात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली आली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून, गार ठेवून आणलेली. गाडी पोचली ऐन दुपारी. आठ दिवस पावसानं दडी मारली होती, ऊन कडक. आम्ही हौसेनं पिशव्या सोडल्या आणि पिल्लं तळ्यात ओतून मोकळ्या झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काठाला पांढरी पोटं वर करून कितीतरी तरंगत होती. कर्जातले पैसे होते हो ते! ज्या ताईकडे त्या दिवशी तळ्याची राखण होती, तिच्यावरच संशय गेला. हिनं फवारणीचा पंप तळ्यात धुतला असणार, असं म्हणालो. ती शपथा घेत होती, आम्ही ऐकलं नाही.

पंप कुणीच धुतला नव्हता. गोष्ट पाण्याच्या तापमानाची होती.

आपलं अंग मे महिन्यात आणि पौषातही ३७ अंशांच्या आसपास राहतं. परभणीत उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो, थंडीत कधी ५ च्याही खाली उतरतो. तरी आपण घामानं, कुडकुडून आतलं तापमान सांभाळतो. आपल्या पोटात जणू चूल पेटलेली असते. माशाच्या अंगात ही चूल नाही. पाणी जेवढं गरम, तेवढाच मासा गरम. पुस्तकात याला शीतरक्ती प्राणी म्हणतात, पण नावावर जाऊ नका. मे महिन्यात त्याचं रक्त थंड नसतंच, तळ्याएवढंच तापलेलं असतं. बेडूक, साप, पाल, सरडा सगळे असेच. म्हणून थंडीत सकाळी सरडा बांधावर ऊन खात बसतो. तुमच्यापैकी ज्या रेशीम करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेडमध्ये गारठा वाढला की अळ्या तुतीचा पाला नीट खात नाहीत आणि कोष लांबतात.

आता विचार करा, गार पिशवीतलं ते इवलंसं पिल्लू एकदम तापलेल्या पाण्यात पडलं. त्याच्या अंगातला सगळा कारभार एका क्षणात बदलला. झेपणार कसं? म्हणून पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवायची. आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की तोंड सोडायचं, तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. तेही सकाळी किंवा दिवस मावळताना.

रोहू-कटल्याला साधारण २५ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी २० च्या खाली गेलं की त्यांची भूक मंदावते. आम्ही मात्र पेंड आणि कोंडा पावसाळ्याएवढाच टाकत होतो, उपाशी राहतील म्हणून. आईचं मन, दुसरं काय! न खाल्लेली पेंड तळाशी कुजली, पाण्याला वास सुटला आणि पैसेही गेले.

उन्हाळ्यात दुखणं उलटं. पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळी येण्याआधीच कडेला बारीक बुडबुडे धरतात ना? ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकं त्याच वेळी तापलेल्या माशाला श्वास जास्त लागतो. येलदरीच्या धरणात मासा खोल पाण्यात उतरू शकतो, आपल्या शेततळ्यात जाणार कुठं? त्यात रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर भूक लागली समजून खाद्य टाकू नका. खाद्य बंद करा आणि मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. बोअरचं पाणी सोडायचं तरी असंच उंचावरून, हळूहळू. त्यात आधीच हवा कमी असते.

आम्ही एक साधा तापमापक घेतला, दोरी बांधून हातभर खोल सोडतो. सकाळी सातला आणि दुपारी तीनला आकडा वहीत लिहितो. आकडा बघून खाद्य ठरतं, आमच्या मायेवर नाही. तापमापक नसेल तर निदान कोपरापर्यंत हात घालून बघा. वरचं पाणी फसवतं.

त्या ताईची आम्ही गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली. जरा उशीरच झाला होता. पुढच्या वर्षी बोटुकली सकाळी आली, तेव्हा पिशव्यांची तोंडं तिनंच सोडली. त्याआधी वीस मिनिटं ती काठावर उकिडवी बसून होती आणि कुणाला पिशवीला हात लावू देत नव्हती.