विठा घाट आणि गरम हवा

सकाळी ८
मे महिना. काजव्यांचा हंगाम तोंडावर आलाय. राजूरच्या गाड्या आता रात्री-अपरात्री भंडारदरा, रतनवाडी, बारीला जाणार. दारात उभी आहे ती त्यातलीच एक. टर्बो डिझेल, टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटला हवेचं तोंड. मालकाचं म्हणणं एवढंच, "मिस्त्री, सपाटीला पळते, पण भरली की विठा घाटात ओढत नाही. मोठा इंटरकूलर टाका." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत वाटेल तसा बदल करू देत नाही, म्हणून त्यांना आधी आरटीओत पाठवलं होतं. लेखी परवानगी घेऊन आले, तेव्हाच सामान मागवलं.

८.३०
तरीही पहिली तपासणी जुन्याचीच. टर्बोकडचं तोंड बंद केलं, कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडली, सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. एका होसच्या क्लिपपाशी फेस आला. पुष्कळ गाड्यांचं काम इथेच संपतं. क्लिप बदला, इंटरकूलरच्या आत साचलेलं तेल धुवा, गेलेला दम परत येतो. गळती तशीच ठेवून मोठा कूलर बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं.

१०
क्लिप बदलून, माणसं-पोती भरून, स्कॅनर लावून अकोल्याच्या बाजूने घाट चढलो. गळती थांबली होती, तरी इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान वळणागणिक चढतच गेलं. चढावर गाडी हळू, तोंडातून वारा शिरत नाही, आणि खालून इंजिनाची धग कूलरलाच तापवते.

हिशेब असा. ३० अंशांची हवा टर्बोने दाबून दाब दुप्पट केला की ती १२० अंशांच्या आसपास जाते. त्याच दाबात ती ६० अंशांवर आणली, तर त्याच जागेत सुमारे १८ टक्के जास्त हवा मावते. पण डिझेल इंजिनात ताकद ठरते ती डिझेलवर. नुसत्या गार हवेने घोडे वाढत नाहीत. हवा फार तापली की या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिन वाचवायला डिझेल कमी करतो, आणि घाटात हरवते ती हीच ताकद. टाटाच्या ४९७ टीसीआयसी इंजिनाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं इंटरकूलरचीच. मालवाहू गाड्यांना हे गणित केव्हाच कळलंय.

१२
बंपर काढला. नवा कूलर पुढे, जाळीमागे. मी रुंद आणि पातळ घेतो. जाड कूलरच्या मागच्या रांगांना आधीच तापलेली हवा मिळते, आणि त्याच्या मागे रेडिएटर गुदमरतो. घाटात पाणी उकळलं तर वाढीव ताकद काय कामाची? पाईप संगमनेरहून आर्गॉन वेल्डिंग करून आणलेत. टोकांना उठाव हवाच, नाहीतर दाबाने होस निसटतो. वळणं कमीत कमी ठेवली, कारण पाईप जितका लांब आणि वाकडा, तितका टर्बो उशिरा दाब धरतो.

जेवण चारला झालं.

५
तीच पोती, तोच चढ. हवेचं तापमान थोडं चढलं आणि थांबलं. सकाळी जिथे दुसरा गिअर टाकावा लागला, तिथे तिसऱ्यात गाडी निघाली. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर पाय दिला की किंचित उशिरा उचलते, हे मालकांना गाडीतच दाखवलं. रेडिएटरचा काटा जागचा हलला नाही, मला त्याचीच जास्त धास्ती होती.

६.३०
"आता रिमॅप करून अजून वाढवू?" असं त्यांनी विचारलंच. नाही म्हणालो. रिमॅप म्हणजे ईसीयूतून डिझेल वाढवणं. डिझेल वाढवलं की एक्झॉस्ट तापतो, धूर वाढतो, क्लच आणि पिस्टनवर ताण येतो, आणि आरटीओने परवानगी दिली ती कूलरपुरती. प्रवासी नेणाऱ्या गाडीत मी ते करणार नाही.

चार दिवसांनी, इंजिन गार असताना, क्लिपा पुन्हा आवळायला बोलावलंय. पावसात रतनवाडीच्या रस्त्याचा चिखल जाळीत बसेल. तो साध्या नळीने धुवायचा, वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला तर पंख वाकतात आणि वारा अडतो.