चाकणची पाळी सुटल्यावर

साडेतीनला पहिली पाळी सुटते. कंपनीची बस तळेगाव चौकात अडकते, नेहमीसारखीच. पुढे कांद्याचा ट्रक, त्याच्यापुढे नव्याकोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर. मी खिडकीशी बसून मांडीवरच्या कापडी पिशवीतले बूट चाचपते. शेजारच्या, पेंटशॉपमधल्या ताई ती पिशवी ओळखतात.

"आज शनिवार. नाच का गं तुझा?"

"हो ताई. चला आज माझ्याबरोबर."

"मला कुठलं जमतंय! धाकट्याची शिकवणी असते," असं म्हणत त्या मोशीला उतरतात. उतरताना मात्र पिशवीत डोकावून बुटांचा रंग बघून घेतात.

चिंचवडला पोचेपर्यंत पाच वाजून जातात. एका सोसायटीचं सभागृह आम्हाला शनिवारी संध्याकाळी मिळतं. सकाळी तिथे बारसं झालेलं असावं. पताका अजून लटकताहेत, फरशीवर अक्षता आहेत. दोघंजण खुर्च्या भिंतीला लावतात, मी केरसुणी घेते. फरशी गुळगुळीत टाइल्सची. तिच्यावर रबरी तळाचा बूट घट्ट चिकटतो आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून आम्ही सगळ्यांनी पिंपरी कॅम्पातल्या एका मोचीकाकांकडून तळाला चामडं लावून घेतलं आहे. खरखरीत बाजू खाली. काकांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "उलटं लावू? नक्की?" आता बूट समोर ठेवला की ते काही विचारत नाहीत.

माणसं येऊ लागतात. भोसरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले काका, इस्त्रीच्या शर्टात. हॉस्पिटलातली एक परिचारिका, रात्रपाळी संपवून, झोप काढून आलेली. हिंजवडीतलं एक जोडपं. म्हाळुंग्यात चौघांत एक खोली करून राहणारा लातूरकडचा डिप्लोमावाला पोरगा, आणि त्याने आज सोबत आणलेला ओडिशाचा वेल्डर. पुरुष जास्त, बायका कमी. त्यामुळे पहिला तासभर पुरुष पुरुषांबरोबरच सराव करतात. लातूरचा पोरगा वेल्डरला सांगतो, "आँख बंद कर, मैं ले जाता हूँ." वेल्डर डोळे मिटतो. दोघं सभागृहाच्या कडेकडेने सावकाश चालू लागतात, एक पुढे, एक पाठमोरा मागे.

हे पाहून दारातून डोकावणाऱ्या पोरांना हसू येतं. पण आम्ही नाचतो तो टँगो असाच तर वाढला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इटलीतून, स्पेनमधून, पूर्व युरोपातून जहाजं भरभरून माणसं ब्यूनोस आयर्सच्या बंदरावर उतरत होती. 1914 च्या जनगणनेत त्या शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली निघाली. त्यांत तरणे, एकटे पुरुष फार. राहायला चाळवजा घरं, एकेका खोलीत कितीतरी जण. बायका थोड्या, आणि ज्याला नाचता येत नाही त्याच्याबरोबर नाचायला त्यांना वेळ नव्हता. मग पोरं आपापसांत शिकायची. आधी कित्येक महिने पाठमोरं चालायचं, दुसऱ्याने नेलं तसं जायचं, आणि ते अंगवळणी पडलं की मगच पुढाकार घ्यायचा.

म्हणूनच टँगो मला आपल्या पट्ट्यातला वाटतो. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को, बजाज आले आणि त्यांच्यामागून हजारो लघुउद्योग. 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गाव सोडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, शनिवारी संध्याकाळी कुठे जावं हे न कळणाऱ्या माणसांनी हा नाच घडवला. अशी माणसं आपल्याकडे मोशीपासून खराबवाडीपर्यंत खोल्याखोल्यांतून आहेत.

काका स्पीकर लावतात. बांदोनिओनचा पहिला लांब श्वास सभागृहात पसरतो. हे वाद्य मूळचं जर्मन, क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडच्या नावावरून ओळखलं जाणारं. भाता उघडतो-मिटतो आणि धातूच्या पातळ पट्टीवरून हवा गेली की सूर निघतो. आपल्या भजनी मंडळातल्या पेटीचंही तंत्र तेच. तो आवाज कानावर आला की मी कुठे असेन तिथून व्हिला उर्किसाला जाऊन पोचते.

शनिवारची मध्यरात्र. ब्यूनोस आयर्सच्या या वस्तीतल्या संडरलँड क्लबात मी बसले आहे. मुंबईहून अदिस अबाबा, साव पावलो करत इथे येईपर्यंत अंगाचा भुगा झाला आहे. घड्याळात रात्रीचे बारा, म्हणजे चाकणला रविवारचे सकाळचे साडेआठ. समोर झुंबरं नाहीत, मखमली पडदे नाहीत. हे बास्केटबॉलचं मैदान आहे. डोक्यावर बास्केटच्या जाळ्या आहेत, आठवडाभर इथे पोरं खेळतात आणि शनिवारी रात्री भोवती टेबलं मांडून हीच जमीन नाचाला मोकळी करतात. शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या जेवताहेत. ऐंशीच्या घरातल्या आजी खुर्चीवरच पायाचा चवडा तालावर हलवताहेत.

इथे कुणी उठून तुमच्यासमोर हात पसरत नाही. बोलावणं नजरेने. मैदानाच्या पलीकडून एक गृहस्थ माझ्याकडे पाहतात. मी नजर काढली तर विषय तिथेच संपतो. कुणाचा अपमान नाही, कुणाला कारण द्यायचं नाही. मी नजर ठेवते. ते मान किंचित तिरकी करतात, मी मान हलवते. याला काबेसेओ म्हणतात. ते कडेने चालत येतात आणि अगदी माझ्यासमोर उभे राहतात, तेव्हाच मी उठते. येताना त्यांनी माझ्यावरची नजर हलवलेली नाही. दुसऱ्या टेबलावरची कुणी चुकून उठू नये म्हणून.

आम्ही मिठीत उभे राहतो आणि काहीच करत नाही. गाणं सुरू झालं आहे, भोवतीची जोडपीही उभी आहेत. त्यांची छाती वर येते, माझा श्वास त्याला जुळतो, वजन डाव्या पायावरून उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. मग एक पाऊल. सगळं मैदान घड्याळाच्या उलट्या दिशेने, एकामागोमाग एक, सरकत राहतं. कुणी पुढच्याला ओलांडत नाही. त्यांचा चेहरा मला दिसत नाही. फक्त खांद्याचं सुती कापड आणि पाठीवर टेकलेला, जराही न दाबणारा तळवा जाणवतो.

चार गाणी एकाच जोडीदाराबरोबर. या चारांचा एक तांदा. दोन गाण्यांच्या मध्ये अर्धं मिनिट बोलायची रीत आहे. माझं स्पॅनिश तोडकंमोडकं.

"कुठून?"

"भारत. पुण्याजवळ चाकण. गाड्यांच्या कारखान्यात आहे."

त्यांचे डोळे मोठे होतात. पाचेकोच्या फोर्ड कारखान्यात ते होते. फाल्कन गाडीच्या लाइनवर, आयुष्यभर. डाव्या अंगठ्यावरचा जुना व्रण ते मला दाखवतात. मी दाराची आणि बॉडीची फट मोजते, हे मला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून दोन बोटांमध्ये चिमूटभर जागा धरून दाखवते. ते खळखळून हसतात. दारांवरून त्यांचीही पर्यवेक्षकाशी रोज भांडणं व्हायची. तिसरं गाणं सुरू होतं आणि आम्ही पुन्हा मिठीत शिरतो, आता जरा ओळखीचे होऊन. चौथं संपतं. मध्ये भलतंच, नाचायला न लागणारं संगीत वाजतं, म्हणजे उठायची वेळ झाली. ते मला माझ्या टेबलापर्यंत सोडतात, किंचित वाकतात आणि जातात. नाव विचारत नाहीत. मीही विचारत नाही.

बर्लिनलाही मी हीच रीत पाहिली आहे. वोल्फ्सबुर्गला कंपनीच्या कामावर असताना तासाभराच्या रेल्वेने तिथे जाता येतं. स्प्रे नदीच्या काठावर, पलीकडच्या बोडे संग्रहालयाच्या घुमटासमोर, उन्हाळ्यात उघड्यावर नाच चालतो. तिथे रशियन, तुर्की, पोलिश, कोण कुठले लोक एकाच वर्तुळात फिरतात, कुणाची भाषा कुणाला येत नसताना. मला तिथे एकटी बाई म्हणून एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. नियम माहीत असलेली माणसं असली की परक्या शहरातली रात्र केवढी मोकळी होते, हे मला त्या नदीकाठी कळलं.

आकुर्डीच्या माझ्या आत्याला मात्र हे पटत नव्हतं. माळकरी बाई. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा तिच्या घरी चुलीवरचं पातेलं उतरत नाही. मी तिला मोबाइलवर संडरलँडचं चित्रण दाखवलं.

"अगं, परका माणूस, आणि एवढा जवळ?"

"आत्या, दिंडीत तुम्ही उराउरी भेटता तेव्हा आधी ओळख विचारता का?"

ती गप्प बसली. मग चित्रण पुन्हा लावायला सांगून फक्त पाय बघत राहिली. शेवटी म्हणाली, "पावली आहे गं ही. पुढे, मागे, आणि कुणी कुणाच्या पुढे धावत नाही." मला इतकी वर्षं घरच्यांना जे समजावता आलं नाही ते आत्याने एका दमात सांगून टाकलं.

इकडे सभागृहात सात वाजून गेले आहेत. सराव संपून आता खरा नाच सुरू आहे. काका आवर्जून ओस्वाल्दो पुग्लिएसेची गाणी लावतात. काका युनियनचे जुने कार्यकर्ते, आणि पुग्लिएसे कम्युनिस्ट. त्याचा वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालायचा. मिळकत सगळ्यांत वाटली जायची. राजकारणापायी त्याला तुरुंगात टाकलं की वादक त्याच्याविना कार्यक्रम करायचे आणि त्याच्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवायचे. ही गोष्ट काका नव्या माणसाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत. आता ती वेल्डरला सांगताहेत, मराठीतून, आणि तो मन लावून ऐकतो आहे.

काका माझ्याकडे पाहून मान तिरकी करतात. आम्ही उभे राहतो. त्यांच्या तळहाताची कातडी जाड आहे, वर्षानुवर्षं फाइल चालवलेली. पण पकड अशी हलकी, की जॉबवर शेवटचा हात फिरवताहेत असं वाटावं. पुग्लिएसे मध्येच थबकतो, ताल जणू गळून पडतो आणि मग दणकन परत येतो. त्या थबकण्यात काका हलत नाहीत. नवखा तिथे घाईने पाऊल टाकून मोकळा होतो. काका थांबतात, मीही थांबते, आणि ताल परततो तेव्हा आम्ही दोघं एकाच क्षणी निघतो. त्यांना कुणी हे शिकवलेलं नाही. मोजमापाच्या कामात आयुष्य गेलं की वाट पाहणं हाताला समजत असावं.

भिंतीशी लातूरचा पोरगा परिचारिकेकडे पाहतो आहे. ती फरशीकडे बघते. त्याला कळतं. तो जागचा हलत नाही, तोंड पाडत नाही, पाण्याची बाटली उघडून दोन घोट घेतो. मला त्याचं इतकं कौतुक वाटतं की पुढच्या वळणावर काकांचा इशारा मला उशिरा पोचतो. तांदा संपतो, मधलं संगीत वाजतं, पुन्हा गाणं लागतं. या खेपेला परिचारिका मान वर करून त्याच्याकडे पाहते. तो कडेकडेने चालत येतो, तिच्यासमोर उभा राहतो. ती उठते.

बाईने नकार दिला तर तो मुकाट्याने घ्यायचा, ही गोष्ट आपण आपल्या पोरांना कुठे शिकवतो? वरातीत आणि मिरवणुकीत पोरं बेभान नाचतात आणि बायका गॅलरीतून बघतात. लग्नाचा हॉल सोडला तर या एवढ्या मोठ्या उद्योगनगरीत प्रौढ स्त्री-पुरुषांनी अदबीने एकत्र नाचावं अशी जागाच नाही. टँगोच हवा असं माझं म्हणणं नाही. पण ज्या नाचात नकाराला जागा आहे, तो नाच या पट्ट्याला फार गरजेचा आहे, हे मी ठामपणे सांगते.

साडेनऊला सुरक्षारक्षक दारात येतो आणि आम्ही खुर्च्या पुन्हा मांडायला घेतो. काका स्पीकरची वायर गुंडाळतात. वेल्डर विचारतो, "अगले शनिवार भी?" त्याला पक्कं उत्तर कुणाकडेच नाही. सोसायटीच्या समितीत आमच्याबद्दल दोन मतं आहेत, आणि परवानगी एका वेळी एकाच महिन्याची मिळते.

म्हणून हे लिहिते आहे. महापालिकेकडे बॅडमिंटन हॉल आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, व्यायामशाळा आहेत. रात्री त्यांना कुलूप असतं. ब्यूनोस आयर्सच्या वस्त्यांनी खेळाची मैदानं शनिवारपुरती नाचाला दिली आणि त्यांचं काही बिघडलं नाही. आपल्या नगरसेवकाला, सोसायटीच्या सचिवाला, कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाला एवढंच विचारा: शनिवारी तीन तास एक सभागृह मिळेल का? आणि मिळालं तर तुम्हीही या. जोडीदार लागत नाही, वयाची अट नाही. बुटाला चामड्याचा तळ तेवढा लावून घ्या.