डोकेदुखी, आकडी आणि मेंदूतील तुंबलेली शीर



उसाच्या रानात पाट पाणी आणतो आणि चर जादा पाणी काढून नेतो. पाट बंद पडला तर लगेच कळते. चर बुजला तर मात्र काही दिवस पत्ता लागत नाही आणि रान आतून चिबड होत जाते. मेंदूचेही तसेच आहे. रोहिण्या शुद्ध रक्त आणतात, नीला म्हणजे अशुद्ध रक्ताच्या शिरा ते परत नेतात. रोहिणी बंद पडली की माणूस उभ्या-उभ्या लुळा पडतो. त्याला आपण लकवा म्हणतो. नीलेत गुठळी झाली तर दुखणे बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत चढत जाते. निदान चुकते ते इथेच.

हा आजार म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना, त्यातही स्त्रियांना जास्त होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील ६२४ रुग्णांच्या पाहणीत चारांपैकी तीन स्त्रिया होत्या. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याकडे कललेले असते. त्यात अंगात रक्त कमी आणि पाणीही कमी पडले की धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायची आपल्याकडची रीत आता सोडायलाच हवी. संततिनियमनाच्या किंवा सणावारासाठी पाळी पुढे ढकलायच्या काही गोळ्यांनीही गुठळी होऊ शकते.

दिवसेंदिवस वाढणारी, आडवे पडल्यावर जास्त होणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, आकडी, एका बाजूचा हातपाय ढिला पडणे, असंबद्ध बोलणे. यातले काही बाळंतिणीत दिसले की घरात ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात आणि उतारा-अंगाऱ्यात दोन-तीन दिवस जातात. तेच दिवस मोलाचे असतात, बरं का! बाळंतपणात रक्तदाब वाढूनही आकडी येते, म्हणून डॉक्टर तोही पाहतात.

निदान कसे होते? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज दिसली तर डोक्यातला दाब वाढल्याची खूण पटते. परंतु सूज नाही म्हणून आजार नाही, असे नव्हे. पुढे साधा सीटी स्कॅन होतो आणि अनेकदा तो ‘नॉर्मल’ येतो! घरचे सुटकेचा श्वास टाकतात. वास्तविक साध्या स्कॅनमध्ये शिरेतली गुठळी पुष्कळदा दिसतच नाही. त्यासाठी शिरांचाच स्कॅन, म्हणजे सीटी किंवा एमआरआय व्हेनोग्राफी लागते. सीटीत शिरेतून औषध सोडून फोटो घेतात. डोक्याच्या मध्यावरून पुढून मागे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी असेल तर औषध कडेने उजळते आणि मधे रिकामा त्रिकोण दिसतो. म्हणून साधा स्कॅन चांगला येऊनही त्रास चालूच राहिला तर डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘साहेब, शिरांचा स्कॅन करायचा का?’ बाळंतपण कधी झाले, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे न लाजता सांगावे. नुसत्या रक्ततपासणीवर हा आजार नाही असे ठरवता येत नाही.

उपचार ऐकून घरचे दचकतात, कारण मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असला तरी रक्त पातळ करणारे हेपॅरिन देतात. चर बुजून पाणी तुंबले आणि त्या दाबाने बांध फुटला, तर आधी चर मोकळा करावा लागतो, तसेच हे. १९९१ साली जर्मनीतील डॉक्टरांनी २० रुग्णांवर हे ताडून पाहिले. हेपॅरिन दिलेल्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले, कोणी दगावले नाही. न दिलेल्या दहांपैकी तिघे दगावले. पुढे गोळ्या तीन महिने ते वर्षभर, काहींना त्याहून जास्त घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.