चॅनेल अचानक बंद का पडतात? केबलच्या दरभांडणाचा व्यापारी हिशेब

१८ फेब्रुवारी २०२३, शनिवार. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस चालू होता आणि देशभरातल्या केबलवाल्या घरांत स्टार, झी व सोनीचे चॅनेल एकाएकी बंद पडले. वायर तुटली नव्हती, वीज गेली नव्हती. ज्यांनी महिन्याचे पैसे वेळेवर भरले होते त्यांचेही चॅनेल गेले. केबल कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशनने, सुमारे साडेचार कोटी घरे यात सापडल्याचे सांगितले. पाच-सहा दिवसांत करारांवर सह्या झाल्या, चॅनेल परत आले आणि लोक ती गोष्ट विसरले.

टी.व्ही. घरात असावा की नसावा, असला तर त्यावर काय पाहावे, हा मसला उलमांचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा आहे, या पानाचा नव्हे. आम्ही त्याकडे फक्त सौदा म्हणून पाहणार आहोत. आपल्या मोहल्ल्यांत केबलच्या धंद्यावर रोजी कमावणारे तरुण पुष्कळ आहेत. ईदच्या तोंडावर स्थानिक केबलवर दुकानाची जाहिरात देणारे कापडवाले, चपलेवाले, अत्तरवाले आहेत. आणि दर महिन्याला बिल भरणारी घरे तर जवळजवळ सगळीच. तेव्हा हे भांडण कशाचे, त्यात पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातो, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

या धंद्याची साखळी कापडाच्या धंद्यासारखीच आहे. वर चॅनेलचा मालक, त्याला गिरणीवाला समजा. मधे मोठी केबल कंपनी, ती घाऊक व्यापारी. खाली गल्लीतला केबलवाला, तो किरकोळ दुकानदार. गिऱ्हाईक ओळखते फक्त शेवटच्याला. गिरणी आणि घाऊक व्यापारी यांच्यात भाव जमला नाही की माल थांबतो, आणि गिऱ्हाईक येऊन किरकोळ दुकानदाराची कॉलर धरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नेमके हेच झाले.

आता भांडण कसले ते पाहू. सुरतेहून साडी आणणाऱ्या प्रत्येकाला सेट म्हणजे काय ते माहीत आहे. आठ रंगांचा सेट असतो, त्यातले दोन रंग हातोहात जातात, तीन कसेबसे जातात आणि उरलेले तीन कपाटात पडून राहतात. सेट तोडून मागितला तर घाऊकवाला मान हलवतो, किंवा सुट्या साडीचा असा भाव सांगतो की सेट घेणेच परवडावे. चॅनेलच्या धंद्यात या सेटला बुके म्हणतात. मालिका आणि क्रिकेटचे दोन-चार चॅनेल लोकांना हवे असतात, त्यांच्याबरोबर कुणी न पाहणारे दहा चॅनेल बांधून दिले जातात. पडून राहणाऱ्या रंगाचे पैसे कुणी भरायचे, हे या सगळ्या भांडणाचे मूळ आहे. बाकी कोर्ट-कचेऱ्या आणि निवेदने त्याच्या फांद्या.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे नाही. ट्राय या नियामक संस्थेने २०१७ मध्ये नवी दरपद्धत आणली आणि कोर्टातली लढाई संपल्यावर ती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. प्रत्येक चॅनेलचा सुटा भाव जाहीर करणे आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास सुटा देणे बंधनकारक झाले. बुकेमध्ये घालायच्या चॅनेलचा सुटा भाव १९ रुपयांपेक्षा जास्त नसावा असे ठरले. १ जानेवारी २०२० रोजी ट्रायने ही मर्यादा १२ रुपयांवर आणली. चॅनेलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण ३० जून २०२१ च्या निकालात ट्रायचे बहुतेक नियम टिकले. मग त्यांनी व्यापाऱ्याला शोभेल अशीच चाल केली. चालणारे चॅनेल बुकेतून बाहेर काढायचे आणि सुटे म्हणून चढ्या भावाने विकायचे असे दरपत्रक त्यांनी जाहीर केले. म्हणजे सेटमधून हातोहात जाणारे दोन रंग काढून घेतले आणि सेटमध्ये उरला नुसता पडीक माल! बिले वाढणार हे दिसू लागल्यावर ट्रायने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी माघार घेतली. मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली, आणि सुट्या भावांच्या बेरजेवर बुकेला जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येईल असे ठरले. हे सर्व १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू होणार होते.

नव्या मर्यादेत चॅनेलवाल्यांनी नवे भाव जाहीर केले. डिश अँटेनावाल्या कंपन्यांनी आणि बऱ्याच केबल कंपन्यांनी नव्या करारावर सही केली. फेडरेशनच्या कंपन्या अडून बसल्या. एवढी वाढ गिऱ्हाईक सोसणार नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी केरळ उच्च न्यायालयात दादही मागितली होती. चॅनेलवाल्यांचे म्हणणे असे की नियमानुसार लेखी कराराशिवाय सिग्नल देता येत नाही, आणि इतरांनी सही केली असताना यांनाच जुन्या भावाने माल का द्यावा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आमच्या मते चॅनेलवाल्यांचा कागदाचा मुद्दा मजबूत होता. उधारी आणि करार लिहून ठेवण्याबद्दल सूरह बकराहमध्ये किती तपशिलाने हुकूम आला आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. पण हक्क असणे वेगळे आणि तो भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक दुकानात बसलेले असताना बजावणे वेगळे.

हा प्रकार आपल्याच देशातला आहे असेही नाही. अमेरिकेत ३१ ऑगस्ट २०२३ रोजी डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचे असेच फाटले आणि जवळपास दीड कोटी घरांतून ई.एस.पी.एन. गेला. टेनिसची मोठी स्पर्धा चालू होती आणि फुटबॉलचा हंगाम उंबरठ्यावर होता. ११ सप्टेंबरला तडजोड झाली. तिथेही मुहूर्त असाच निवडला जातो, कारण सामना चालू असतानाच गिऱ्हाइकाची ओरड सर्वांत मोठी असते.

आता पैशाचा हिशेब. नियमाप्रमाणे १९ रुपयांच्या चॅनेलमधून किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, वितरणासाठी सुटतात. बाकी १५ रुपये २० पैसे चॅनेलच्या मालकाचे. ते ३ रुपये ८० पैसे मोठी केबल कंपनी आणि गल्लीतला केबलवाला यांच्यात वाटले जातात. वेगळा करार नसेल तर प्रमाण ५५ आणि ४५. म्हणजे गल्लीतल्या माणसाच्या हाती येतो १ रुपया ७१ पैसे. याशिवाय जोडणीचे भाडे असते. २०२३ मध्ये त्याची कमाल मर्यादा १३० रुपये होती, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरून १५३ रुपये ४० पैसे. करापूर्वीच्या १३० रुपयांतले ४५ टक्के म्हणजे ५८ रुपये ५० पैसे केबलवाल्याचे. वायर बदलणे, खांबावर चढणे, वसुलीला माणूस ठेवणे, सगळे यातूनच भागवायचे. यावरून दिसेल की चॅनेलचा भाव वाढला तर गल्लीतल्या माणसाला त्याचा फायदा पैशांत मोजावा लागतो, आणि त्या वाढीमुळे एक घर जरी सुटले तरी ५८ रुपयांचा खड्डा पडतो. त्याने चॅनेलवाल्याची बाजू का घ्यावी?

पण केबलवाल्यांचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही, हे सांगणे भाग आहे. १९९१-९२ मध्ये स्टार आणि झी आले तेव्हा इमारतीत व्हिडिओ कॅसेट लावून देणारेच पुढे केबलवाले झाले. त्या काळात वायरवर किती घरे आहेत हे बाहेरच्या कुणाला कळण्याची सोय नव्हती. तीनशे घरांची वसुली करायची आणि वर ऐंशी दाखवायची, हा धंद्याचा रिवाजच पडला. चॅनेलवाल्यालाही ते ठाऊक असे, म्हणून तो अंदाजाने आकडा फुगवून मागे. मग घासाघीस, आणि घासाघीस फसली की चॅनेल बंद. माप-तोलात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये जी ताकीद आहे ती फक्त तराजूवाल्या वाण्याला आहे असे समजण्याचे कारण नाही. घरांची खोटी मोजणी ही सुद्धा मापातली चोरीच. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत आणि पुढच्या मार्चअखेर पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा कुठे प्रत्येक घर मोजणीत आले. मोजणीचे भांडण बरेचसे मिटले आणि उरले ते भावाचे आणि सेटचे.

२०२३ च्या त्या आठवड्यात खरे नुकसान कुणाचे झाले? चॅनेलवाल्याला भाव मिळाला. मोठ्या कंपनीने सही केली आणि वाढ खाली ढकलली. गल्लीतल्या केबलवाल्याने मात्र शिव्या खाल्ल्या, आणि ज्या घरांनी चिडून डिश बसवली किंवा मोबाइलवर सामने पाहायला सुरुवात केली ती सगळी घरे परत आली नसणार. कापडाच्या बाजारात आम्ही हे पाहिले आहे. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या पेढीची पायरी चढले की पहिल्या दुकानाचा माल आणि भाव पूर्ववत झाला तरी ते वळून बघत नाही.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये ट्रायने जोडणीच्या भाड्यावरची १३० रुपयांची मर्यादा काढून टाकली. आता कंपनी स्वतः भाव ठरवून जाहीर करते, म्हणून बिलातली ही ओळ प्रत्येकाने तपासावी. दुसरे म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि वायकॉम १८ यांचा धंदा एकत्र झाला, त्यात रिलायन्सचा मोठा वाटा आहे. आणि हॅथवे व डेन या मोठ्या केबल कंपन्याही रिलायन्सच्याच ताब्यात आहेत. गिरणी आणि घाऊकवाला एका घरातले झाले तर सुट्या दुकानदाराने भावाची बोलणी कुणाशी करायची, हा प्रश्न छोट्या केबलवाल्यांनी आत्ताच विचारायला हवा. एकेकट्याने विचारून उपयोग नाही, तालुक्यातल्या दहा-वीस जणांनी मिळून विचारावा. मोठ्या कंपनीशी करार लेखी आहे का, त्यात वाट्याचे प्रमाण काय लिहिले आहे, याची प्रत प्रत्येकाच्या फाइलमध्ये असावी. ट्रायच्या ५५-४५ चा आधार करार वेगळा नसेल तेव्हाच मिळतो. न वाचता ३० टक्क्यांवर सही केली असेल तर ३० च मिळतील.

घरच्या गिऱ्हाइकासाठी एवढेच. कंपनीचा तयार बुके घेणे सक्तीचे नाही. आपल्या घरात खरोखर पाहिले जाणारे चॅनेल कागदावर लिहा आणि त्यांचे सुटे भाव जोडून पाहा. कधी बुके स्वस्त पडेल, कधी सुटे. जो चॅनेल बंद झाला त्याचे पैसे बंद झाल्या दिवसापासून आकारता येत नाहीत, तेव्हा बिलातून ते वजा झाले की नाही हे विचारावे, आणि विचारताना गल्लीतल्या पोरावर न ओरडता कंपनीच्या तक्रार क्रमांकावर नोंद करून तक्रारीचा नंबर घ्यावा. स्थानिक केबलवर ईदची जाहिरात देणाऱ्यांनी पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ देण्यापेक्षा आठवड्याच्या हिशेबाने द्यावेत. आपली जाहिरात स्थानिक वाहिनीवर चालूच राहते हे खरे, पण मोठे चॅनेल गेले की घरातला टी.व्ही.च लावला जात नाही, आणि रमजानचे शेवटचे दहा दिवस पुन्हा मिळत नाहीत. चॅनेल तोडण्यापूर्वी तीन आठवड्यांची लेखी नोटीस आणि पंधरा दिवस आधी पडद्याच्या खालच्या पट्टीवर सूचना द्यावी असा नियम आहे. ती पट्टी दिसू लागली की जाहिरातीचा पुढचा हप्ता हातात ठेवून केबलवाल्याशी बोलून घ्यावे.